आई ‘पाणी’ म्हणाली होती

प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी, यवतमाळला, मला टेबलावर झोपायला सांगितलं. मी झोपले. मग उठून बसले आणि नाही म्हणाले.

घडलं ते एवढंच.

टेबल प्रसूतीचं होतं आणि खोली सरावाची. भिंतीवर हात धुण्याची पद्धत दाखवणारी चित्रं, कोपऱ्यातल्या रॅकवर रबरी बाळं, ट्रेमध्ये चिमटे आणि कात्र्या. आम्ही सगळ्या सरकारी दवाखान्यांत बाळंतपणं करणाऱ्या नर्सेस. कोणी आर्णीकडून आलेली, कोणी महागावकडून, कोणी यवतमाळातलीच. नोकरीत असताना अशी प्रशिक्षणं घ्यावी लागतात. शास्त्र बदलतं. काल शिकलेलं आज चुकीचं ठरतं आणि त्याची किंमत बाळंतीण देते किंवा तिचं बाळ देतं. म्हणून नर्सनं शिकत राहावं, हे मला मनापासून पटतं. आजही पटतं. हे आधी लिहून ठेवते, कारण नंतर माझ्याबद्दल असं बोललं गेलं की हिला शिकायचंच नसतं.

त्या दिवशीचा विषय होता सन्मानपूर्वक मातृत्व सेवा. बाळंतपणाला आलेल्या बाईशी कसं बोलावं, तिचा अपमान कसा होऊ देऊ नये. त्यासाठी एक छोटं नाटक करायचं होतं. आधी वाईट वागणूक दाखवायची, मग चांगली. एक नर्स, एक डॉक्टर, एक सासू आणि एक पेशंट.

ट्रेनर मॅडमनी खोलीत नजर फिरवली. ती माझ्यावर येऊन थांबणार, हे मला ठाऊक होतं. थांबली.

“तुम्ही झोपा. आपल्याला खेड्यातली अडाणी बाई पाहिजे. तुम्हाला वेगळा मेकअप करावा लागणार नाही.”

बायका हसल्या. मीही हसले असेन. अशा वेळी चेहरा आपला आपण हसतो.

सन्मानाच्या वर्गात हे झालं. हे मॅडमच्या लक्षात आलं नाही. कोणाच्याच आलं नाही.

पेशंट होण्याची ती माझी पहिली वेळ नव्हती. नोकरीला लागल्यावर पहिल्या प्रशिक्षणात मी सर्वांत लहान होते, म्हणून मला झोपवलं. लहानांनी ऐकायचं असतं. मी ऐकलं. पुढच्या वेळी म्हणाले, तुम्हाला अनुभव आहे, तुम्हीच करा. त्याच्या पुढच्या वेळी कोणी कारण दिलं नाही. मी झटके आलेली आई झाले. वार अडकलेली आई झाले. शुद्ध हरपलेली आई झाले. बाकीच्या नर्सेस माझ्या पोटावर हात ठेवून शिकल्या. माझ्या दंडाला पट्टा बांधून शिकल्या. न रडणाऱ्या बाळाला श्वास द्यायचा फुगा सगळ्यांच्या हातातून फिरायचा आणि माझ्यापर्यंत यायच्या आत चहा यायचा. मी तो फुगा वापरायला शिकले ते माझ्या वॉर्डात, खऱ्या बाळावर. ते बाळ वाचलं. पण ते माझ्या पहिल्या सरावाचं बाळ होतं, हे त्याच्या आईला माहीत नाही.

एकदा चहाच्या वेळी पार्टिशनच्या पलीकडून मला ऐकू आलं. दोघी बोलत होत्या. एक म्हणाली, रोज तिलाच काय झोपवायचं, बरं दिसत नाही. दुसरी म्हणाली, “तिलाच घ्या. आपल्या बायका टेबलावर झोपत नाहीत.”

आपल्या.

मी कप ठेवला आणि वर्गात जाऊन बसले. समोर पुस्तक उघडं होतं. त्यातलं एकही अक्षर दिसलं नाही.

मी कमी बोलणारी आहे. लहानपणापासून तशीच. आर्णीकडच्या एका गावात आमचं घर. आमच्या वस्तीला सरकारदप्तरी एक नाव आहे, गावाच्या तोंडात अजून जुनंच आहे. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव नदीत सोडले. वडील कापसाच्या जिनिंगवर कामाला होते. विहारात एक लोखंडी कपाट होतं, त्याची किल्ली वडिलांकडे असायची. त्यातली पुस्तकं मी वाचून संपवली, मग परत पहिल्यापासून वाचली. त्यामुळे माझी भाषा पुस्तकासारखी झाली. माझी धाकटी बहीण शालू त्यावरून मला चिडवायची. मी घरी “मला नको” म्हटलं की ती सगळ्यांना सांगायची, आली पहा कलेक्टरीण, हिले ‘मले’ म्हणता येत नाही.

शालू माझ्या उलट होती. तिला गप्प बसता यायचं नाही. लग्न होऊन सासरी गेली तर तिथल्या म्हाताऱ्या सासऱ्यालाही तिनं गप्पांना लावलं. आर्णीच्या बाजारात गेली तर भाजीवाल्याच्या घरातली सगळी माणसं तिला नावानं माहीत असायची. ती फोनवर बोलायला लागली की मी फोन कानाशी धरून हातातलं काम करायचे, कारण माझ्याकडून फक्त हं म्हणायचं असायचं.

तिचं पहिलं बाळंतपण सासरकडच्या सरकारी दवाखान्यात झालं. तालुक्याचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं की ती त्या एका दवाखान्याची गोष्ट होते आणि बाकीचे मोकळे होतात. मी ड्युटीवर होते. आई तिच्यासोबत होती. सकाळी मुलगी झाली. शालूनं स्वतः फोन केला.

“ताई, पोरगी झाली. नाक पाह्य ना, तुह्यासारखं हाये, बिचारीचं लग्न कसं होईन.”

मी हसले. त्रास फार झाला का, विचारलं. ती म्हणाली, त्रास तर होतेच. मग सहज सांगावं तसं म्हणाली, “मी ओरडली तं सिस्टरनं मांडीवर हाणलं. म्हणे, तवा गोड लागलं, आता काहून बोंबलतं.”

मी म्हणाले, नाव सांग त्या सिस्टरचं.

“जाऊ दे ना आता. झालं ना मोकळं. मी तं तिले काहीच म्हणत नाही. चूपच बसून राह्यली.”

शालू चूप बसली होती. जी कधी बसली नव्हती ती. हे तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

त्यानंतर काय झालं ते मला आईकडून कळलं, तुकड्यातुकड्यानं, कित्येक महिन्यांत. दुपारी शालूला ओलं लागायला लागलं. तिनं कोणाला हाक मारली नाही. हाक मारली की मार मिळतो, हे ती सकाळीच शिकली होती. आईनं कपडा बदलला. तो भिजला. दुसरा घेतला. मग आई उठून नर्सच्या टेबलापाशी गेली.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या घरात बाळंतिणीच्या खाटेजवळ ‘रक्त’ हा शब्द काढत नाहीत. काढला की जास्त जातं, असं आजी म्हणायची. आजोबांनी देव सोडले, पण घरातल्या बायकांनी एवढं एक सोडलं नाही. रक्ताला त्या पाणी म्हणतात. आई तेच म्हणाली.

“सिस्टर, पोरीचं पाणी चाललं जी. थांबूनच नाही राह्यलं.”

नर्स मोबाइलवर होती. मान वर न करता म्हणाली, “पाणी जातेच. एवढी म्हातारी झाली, तुले माहीत नाही काय? जा, बस तिच्याजवळ.”

आई जाऊन बसली. थोड्या वेळानं परत गेली, परत तेच सांगितलं, परत तेच ऐकलं. तिसऱ्यांदा ती गेली नाही. ती शालूचा हात धरून ओरडली, कारण शालूचे ओठ पांढरे झाले होते. तेव्हा नर्स आली. तिनं चादर उचलली. मग धावपळ झाली. इंजेक्शनं झाली, सलाइन लागलं, डॉक्टर आले, गाडी आली. यवतमाळला न्यायचं ठरलं. आई गाडीत शालूच्या पायाशी बसली होती, तळवे चोळत. ते वाटेतच गार झाले.

नंतर चौकशीला माणसं घरी आली. बाळंतपणात बाई गेली की अशी चौकशी होते, त्यातून शिकावं म्हणून. शेजारून खुर्च्या आणल्या. मीही तिथं होते, भिंतीला टेकून. आलेल्यांत एक साहेब होते, बोलायला सौम्य. त्यांनी आईला पुन्हा पुन्हा विचारलं, तुम्ही नर्सला नेमकं काय सांगितलं. आईनं सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे रक्त म्हटलं नाही ना तुम्ही?

“नाही जी.”

साहेबांनी बाजूच्या माणसाकडे पाहिलं. ती नजर मी ओळखते. काम सोपं झालं की माणसं तशी पाहतात. नातेवाइकांनी लक्षण नीट सांगितलं नाही. त्यांना कारण मिळालं होतं आणि ते आईनंच दिलं होतं, स्वतःच्या तोंडानं, हात जोडून.

त्या दिवसापासून आईनं मानलं की शालूला तिनं मारलं. एका शब्दानं मारलं. तिनं तो शब्द सोडला. तहान लागली तर म्हणते, माठातलं दे. नळ आला तर म्हणते, आला. पाऊस पडून रस्त्यावर डबकं साचलं तर शालूच्या पोरीला सांगते, तिकडं जाऊ नको, ओलं हाये. बाहेरच्या कोणाच्या लक्षात येत नाही. आम्हा घरच्यांना येतं.

आणि मी, तिची शिकलेली मुलगी, तिला काय सांगत होते? मी सांगत होते, तुला माहीत नव्हतं ना, तुझी काय चूक. म्हणजे शब्द चुकला हे मीही धरून चालले होते. मी नर्स आहे. आम्हाला शिकवलेलं असतं की लक्षण नेमक्या शब्दांत आलं पाहिजे. साहेबांची भाषा मी वाचलेली होती. मला ती खरी वाटली.

हे सगळं मनात घेऊन मी त्या प्रशिक्षणाला गेले होते. एक ठरवून गेले होते. बाळंतिणीच्या रक्ताला आपल्या जिल्ह्यात बायका काय काय म्हणतात, हे नर्सना शिकवा, असं मॅडमना सांगायचं. म्हणजे निदान पुढच्या कोणाची आई शब्दात अडकणार नाही. आणि मला घरी जाऊन आईला सांगता येईल की तुझा शब्द आता शिकवतात. एवढंच मला हवं होतं. दुसरंही होतं. त्याच तुकडीतून जिल्ह्यासाठी नवे प्रशिक्षक निवडणार होते आणि लेखी परीक्षेत मी पहिली आले होते. आमची इन्चार्ज म्हणाली होती, तुझं नाव लागेल. मला ते व्हायचं होतं. लपवत नाही.

तर मी टेबलावर झोपले. वर पंखा फिरत होता. मॅडमनी माझ्या अंगावर चादर टाकली. नर्सचं काम दुसऱ्या दवाखान्यातली एक जण करत होती, बोलकी, सगळ्यांना हसवणारी. तिला वाईट नर्स व्हायचं होतं. मला चिठ्ठीवर माझं वाक्य लिहून दिलं होतं. ‘सिस्टर, मला खूप रक्तस्राव होत आहे.’

मी ते वाचलं. इतकी वर्षं बाळंतपणं करते आहे. असं बोलणारी बाई मला एकदाही भेटलेली नाही. तांड्यातली नाही, कोलामांच्या पोडावरची नाही, आमच्या वस्तीतली नाही, पाटलाच्या घरची नाही.

मॅडम म्हणाल्या, चला, सुरू.

मी म्हणाले, “सिस्टर, माह्यं पाणी चाललं जी. थांबूनच नाही राह्यलं.”

ठरवून म्हणाले नाही. तोंडात आईचं वाक्य आलं, आईच्या आवाजात आलं.

वाईट नर्स झालेली लगेच म्हणाली, “कोणतं पाणी बाई? नळाचं का बोअरचं?”

खोलीत हशा फुटला. मागच्या बायका टाळ्या देत होत्या. त्यांना काही माहीत नव्हतं, हे मला मान्य आहे. मी छताकडे पाहत पडून राहिले. मॅडमही हसत होत्या. मग डोळे पुसत त्या टेबलाजवळ आल्या.

“अहो, तुमच्यात म्हणत असतील पाणी. इथं रक्तस्राव म्हणा, म्हणजे सगळ्यांना कळेल.”

तुमच्यात.

हा शब्द मी आयुष्यभर ऐकत आले. शाळेत ऐकला, नर्सिंगच्या वसतिगृहात ऐकला. त्याची सवय असते. पण त्या दिवशी त्या शब्दाच्या मागे दुसरं काहीतरी मला दिसलं. मी विचारलं, “मॅडम, तुम्हाला कळलं ना? मी पाणी म्हणाले ते?”

“मला कळलं हो. मी काय आज काम करते का इथं? सगळ्या बायका असंच बोलतात.”

मी बाकीच्यांकडे पाहिलं. ज्या हसल्या होत्या त्या कळल्यामुळेच हसल्या होत्या. न कळलेल्या गोष्टीवर कोणी हसत नाही.

म्हणजे कळतं. सगळ्यांना कळतं. त्या दुपारच्या नर्सलाही कळलं होतं. ती याच जिल्ह्यातली, याच बायकांची बाळंतपणं करून नोकरीत जुनी झालेली. चौकशीला आलेल्या साहेबांनाही कळलं होतं. शब्द चुकलेला नव्हता. शब्द बरोबर पोचला होता. तो कोणाच्या तोंडून आला, त्यावर उठायचं की नाही हे ठरलं होतं. सरपंचाची बायको त्याच टेबलाशी जाऊन पाणी म्हणाली असती, तर नर्सच्या हातून मोबाइल पडला असता.

मग आईला काय दिलं होतं या लोकांनी? मुलगी घेतली आणि वर खून तिच्या नावावर लावला.

मी उठून बसले. चादर बाजूला केली.

मी बोलले ते फार नव्हतं. मला मोठं बोलता येत नाही. मी म्हणाले, माझी बहीण बाळंतपणात गेली. माझ्या आईनं हाच शब्द नर्सला सांगितला होता, दोनदा. आईला सांगण्यात आलं की तिचा शब्द चुकला. तुम्ही आत्ता म्हणालात की हा शब्द सगळ्यांना कळतो. मग हे इथं वर्गात सांगा. आई चुकली नव्हती, हे सांगा.

मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या आवाजात दया होती. ती खरी होती असं मी आजही मानते.

“फार वाईट झालं. पण वैयक्तिक गोष्टी आपण वर्गात नको आणू या. वेळ कमी आहे. झोपा, स्क्रिप्ट पूर्ण करू.”

“नाही.”

“म्हणजे?”

“मी पेशंट होणार नाही. तुम्ही झोपा. मी नर्स होते.”

त्यांना आधी थट्टा वाटली. मग माझा चेहरा पाहून त्यांचा चेहरा बदलला. “मी ट्रेनर आहे,” त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, “मी नर्स आहे. आजपर्यंत इथं कोणी मला नर्स होऊ दिलं नाही.”

तेवढ्यात राठोडताई पुढं आली. महागावकडच्या एका तांड्यावर वाढलेली, उपकेंद्रात काम करणारी, माझ्याहून मोठी. भांडण तिला बघवत नाही. ती चप्पल काढत म्हणाली, राहू द्या मॅडम, मी झोपतो. तिच्याकडे बाई काय आणि पुरुष काय, दोघंही ‘झोपतो’च म्हणतात, त्यावरूनही तिला हसलं जायचं.

मी टेबलावरून उतरले आणि तिचा दंड धरला. “तू पण नको झोपू.”

तिला कळायला वेळ लागला नाही. मी नाही म्हटलं की पुढची कोण असते, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. तिनं चप्पल परत पायात घातली.

मॅडमनी आणखी कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर काय झालं असतं, ते त्यांनाही कळलं असावं. टेबलावर दोन उशा ठेवल्या, चादर टाकली आणि उशीला पेशंट केलं. नाटक झालं. चांगल्या नर्सनं उशीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिला “ताई” म्हटलं.

जेवताना माझ्या बाकावर कोणी बसलं नाही. राठोडताई डबा घेऊन आली, पोळी मोडली आणि म्हणाली, “तुह्या पायी मले बी झोपाले नाही भेटलं. चांगली पंख्याखाली पडली असती दुपारभर.” जाताना म्हणाली, आमच्या तांड्यात त्याला वेगळंच म्हणतात. तिनं तो शब्द माझ्या कानात सांगितला. तोही रक्त नव्हता.

पुढं जे व्हायचं ते झालं. आमच्या दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांनी मला बोलावलं. प्रशिक्षणात शिस्त मोडल्याचं वरून आलं होतं. ते माणूस म्हणून वाईट नाहीत. म्हणाले, सिस्टर, एकदा सॉरी म्हणून टाका, विषय संपेल, तुमचं नाव यादीत राहील. मी विचारलं, कोणती शिस्त मोडली सर? ते म्हणाले, टेबलावर झोपायचं एवढं काय. मी म्हणाले, तेच तर. मी सॉरी म्हणाले नाही. नाव गेलं.

त्यानंतर मला प्रशिक्षणाला पाठवत नाहीत. नवीन काही आलं की इतर जणी जातात, परत येतात, बॅग आणि पेन मिळालेलं दाखवतात. मी त्यांच्याकडून छापलेली पानं मागून घेते आणि वाचते. काही समजत नाही ते पुन्हा वाचते. हात लावून शिकायचं असतं ते वाचून येत नाही. याचा राग मला रोज येतो. तो गिळत नाही.

प्रशिक्षणावरून मी सरळ घरी गेले होते. एसटीत बसल्या बसल्या मनात वाक्य जुळवत होते. वाटत होतं, मी आईसाठी काहीतरी घेऊन चालले आहे. आई चुलीपुढे बसली होती. शालूची मुलगी तिच्या मांडीवर. मी चपला काढल्या आणि सांगितलं. तुझा शब्द चुकला नव्हता आई. त्या सगळ्यांना तो कळतो. मी आज माझ्या कानांनी ऐकलं. त्या बाईलाही कळला होता. तू दोन्ही वेळा बरोबर सांगितलं.

मला वाटलं, ती रडेल. मोकळी होईल.

तिनं पोरीच्या केसांतला हात थांबवला. माझ्याकडे पाहिलं. तेवढं सरळ तिनं कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

“मंग ते बाई काहून नाही उठली?”

मी पुस्तकं वाचलेली मुलगी. माझ्याजवळ उत्तर होतं. आजोबांना माहीत होतं, वडिलांना माहीत होतं, तिलाही माहीत होतं. ते तिच्यापुढे बोलायला माझी जीभ उचलली नाही. आधी तिच्याजवळ निदान स्वतःची चूक होती. चूक असली की माणूस तिला धरून बसू शकतं. ती मी काढून घेतली होती आणि तिच्या जागी ठेवायला माझ्याकडे एक खुर्चीत बसलेली बाई होती, जिला सगळं ऐकू आलं होतं.

आईनं पुन्हा विचारलं नाही. मुलीला खाली ठेवून भाकरी थापायला घेतली.

तेव्हापासून मी तो प्रश्न विचारते. माझ्या वॉर्डात बाळंतीण किंवा तिची माय काही सांगायला आली आणि कोणी जागचं हललं नाही, की मी हातातलं काम ठेवते, तिथं जाऊन चादर उचलून पाहते आणि परत येऊन विचारते. सगळ्यांसमोर. ज्युनिअरला विचारते, सिनिअरला विचारते, एकदा डॉक्टरांना विचारलं. का नाही उठलात? ऐकू आलं नाही, हे उत्तर मी घेत नाही. कळलं नाही, हेही घेत नाही. मी उभी राहते. माणसं चिडतात, मला फाटक्या तोंडाची म्हणतात. मी सगळ्यात कमी बोलणारी होते, हे आता कोणाला आठवत नाही. माझी दोनदा तक्रार गेली आहे. बदली होईल असं म्हणतात. होऊ दे. तिथंही बाळंतिणी असतील आणि तिथंही कोणीतरी खुर्चीत बसलेलं असेल.

शालू नाही. तिची मुलगी अंगणवाडीत जाते, दिवसभर बोलते. आई जिवंत आहे. तिच्या प्रश्नाला त्या नर्सनं अजून उत्तर दिलेलं नाही. ती नोकरीत आहे. मीही नोकरीत आहे.